घोट्याचा संधिवात सुरू होतो मैदानावर

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचा सामना रंगात आला, की एखादा खेळाडू घोटा धरून खाली बसतो. थंड फवारा मारतात, पट्टी गुंडाळतात, तो पुन्हा धावू लागतो आणि गॅलरी टाळ्या वाजवते. तालमीतही तेच. हौद्यात पाय मुरगळला, तर ‘लचकच आहे, उतरंल’ म्हणत गरम तेल चोळलं जातं. घोट्याच्या संधिवाताची सुरुवात पुष्कळदा इथेच होते. दुखणं मात्र कित्येक वर्षांनी डोकं वर काढतं.

गुडघा बहुतेकदा वयाने आणि वजनाने झिजतो. झिजलेल्या घोट्यांमागे मात्र बहुतांश वेळा जुनी दुखापत असते. घोट्यातली कूर्चा जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाड. चालताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या चार-पाच पट भार येतो. तरीही ती आयुष्यभर पुरते, कारण तिथली हाडं एकमेकांत नेमकी बसतात आणि भार सगळीकडे वाटला जातो. बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध फाटून सैल राहिला, की हाड पावलागणिक किंचित सरकतं आणि सगळा भार एकाच कडेवर येतो. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिची झीज भरून निघत नाही.

त्यामुळे मुरगळल्यानंतरचे पहिले दोन दिवस महत्त्वाचे. चोळू नका, शेकू नका, कुणाकडून पाय ओढूनही घेऊ नका. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर घ्या. घोट्याच्या उंचवट्याच्या मागच्या कडेला हाड दाबल्यावर दुखत असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढाच.

सूज उतरली की खरं काम सुरू होतं, आणि नेमकं तेच आपल्याकडे राहून जातं. फाटलेल्या अस्थिबंधासोबत पाऊल कसं पडतंय याची जाणीवही बोथट होते. म्हणून तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. भिंतीला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, ते जमलं की डोळे मिटून उभं राहणं, हे रोज करत राहिल्याने ती जाणीव परत येते.

संधिवात आधीच झाला असेल, तरी चालणं सोडू नका. सांध्यातला द्रव हालचालीनेच कूर्चेत मुरतो आणि तिला पोसतो. रंकाळ्याकाठची सपाट वाट चालेल. जोतिबाच्या पायऱ्या दुखत्या घोट्याला जड जातात. काठी घ्यायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. एक किलो वजन उतरलं, तर घोट्यावरचा चार-पाच किलो भार कमी होतो.

आता चप्पल. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या कोल्हापुरीचा मला अभिमान आहे, पण घोटा दुखणाऱ्याने ती रोज वापरू नये. अंगठ्याचा सांधा आखडला असेल, तर तिचा कडक तळ थोडा उपयोगी पडतो, कारण अंगठा कमी वाकतो. पण टाचेला मागून आधार नाही, त्यामुळे घोटा डुलतो आणि चप्पल धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात. रोजच्या चालण्याला टाच घट्ट धरणारा, नाडीचा बूटच हवा.

सगळी पायदुखी मात्र झिजेची नसते. रात्रीतून अंगठ्याचं मूळ लालभडक सुजलं, चादरीचा स्पर्शही सोसेना, तर गाऊटची शंका घ्या. तिथे मटण, बिअर आणि गोड पेयं त्रास वाढवतात. सांध्यांसाठी म्हणून पाया सूप पिणं उलटंच पडतं. युरिक अ‍ॅसिड 6 च्या खाली ठेवणारी गोळी दुखणं थांबल्यावर मनाने बंद करू नये. सकाळी दोन्ही पायांचे चवडे अर्ध्या तासाहून जास्त आखडत असतील, तर आमवाताची तपासणी करून घ्या. आणि मधुमेह असताना पाऊल गरम होऊन सुजलं, तर दुखत नसलं तरी त्यावर चालू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

तालमीच्या वस्तादांना आणि संघांच्या प्रशिक्षकांना एकच विनंती: मुरगळलेल्या पायावर पोरगा तोल सांभाळून उभा राहीपर्यंत त्याला मैदानात उतरवू नका.