तिकीटबारीवरचा गल्ला आणि चित्रपटाची पत

अलीकडे चित्रपटाची चर्चा कथेपेक्षा आकड्यांचीच अधिक होते. शुक्रवारी प्रदर्शित झालेल्या चित्रपटाने सोमवारपर्यंत किती कोटी जमवले, हे उल्हासनगरच्या बाजारपेठेपासून बदलापूर लोकलच्या डब्यापर्यंत सर्वत्र सांगितले जाते आणि त्यावरून तो चांगला की वाईट हेही ठरते. व्यापारी कुटुंबांना तरी हा निष्कर्ष घाईचा वाटावा. उलाढाल, नफा आणि पत या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्याइतके कोण जाणते?

जाहीर होणारा आकडा ही बहुधा केवळ उलाढाल असते. तीतून कर वजा होतो आणि चित्रपटगृहाचा वाटा जातो. २००९ साली निर्माते व मल्टिप्लेक्सचालक यांच्यात झालेल्या तडजोडीत निर्माता-वितरकांचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा उतरता ठरला होता. निर्मितीचा व जाहिरातीचा खर्च अशाच वाट्यातून भागवायचा असतो.

लोकप्रियतेचे मापही या आकड्यातून नीट मिळत नाही. १०० रुपयांच्या तिकिटावर ५०० प्रेक्षक आले, तर गल्ला ५०,००० रुपयांचा. ३०० रुपयांच्या तिकिटावर २०० आले, तर ६०,००० रुपयांचा. दुसरा चित्रपट मोठा ठरतो, प्रेक्षक मात्र निम्म्याहून कमी. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईत एकाच चित्रपटगृहात ५७ आठवडे चालला. त्या काळच्या तिकीटदराने झालेली त्याची कमाई आजच्या कोटींशेजारी मांडली, तर तुलनाच चुकेल.

खेळाची वेळ हा आणखी एक मुद्दा. मराठी चित्रपटाच्या वाट्याला अनेकदा कामाच्या दिवशी दुपारचा खेळ येतो. त्या वेळी अंबरनाथ-बदलापूरचा नोकरदार मुंबईच्या कचेरीत असतो आणि उल्हासनगरचा दुकानदार आपल्या पेढीवर. सुरुवातीचे उत्पन्न कमी दिसले की खेळ घटतात, खेळ घटले की उत्पन्न आणखी घटते आणि शेवटी ‘लोकांना आवडला नाही’ असा शेरा बसतो. ज्या गिऱ्हाइकाने माल पाहिलाच नाही, त्याने तो नाकारला असे कसे म्हणावे? २०१५ साली महाराष्ट्र शासनाने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला मोक्याची वेळ देण्याचा आग्रह धरला, तो याच अडचणीमुळे.

म्हणून मोठा गल्ला भरणारा चित्रपट हलकाच असतो, असेही नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने (२०१६) मराठीत प्रथमच १०० कोटींचा टप्पा ओलांडला; तोच चित्रपट बर्लिनच्या महोत्सवातही दाखवला गेला. उलट चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने व्हेनिसमध्ये पारितोषिक आणि देशात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला, पण गल्ल्याच्या हिशेबात तो ‘सैराट’च्या जवळपासही नव्हता. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ २००४ साली ऑस्करसाठी निवडला गेला, तेव्हा प्रचारखर्चासाठी सामान्य माणसांनीही वर्गणी दिली. ते प्रेम कोणत्याही तिकीटबारीवर नोंदले गेले नाही.

आकडा खोटा नसतो. तो फक्त एका खात्याची शिल्लक सांगतो. चांगल्या चित्रपटाची शिफारस कानावर आली, तर सोमवारच्या आकड्याची वाट न पाहता पहिल्याच रविवारी कुटुंबासह तो पाहावा. तो पुढच्या आठवड्यात पडद्यावर राहणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्या रविवारीच ठरते.