हॅनोव्हरचं पत्र : ट्रीपमागे किती?

जर्मन माणूस म्हणजे कामाचा राक्षस, ही आपल्याकडची समजूत आधी डोक्यातून काढा. माझ्या वरच्या मजल्यावरचा ट्रकचालक मध्यंतरी एका बुधवारी घरापासून अर्ध्या तासावर, महामार्गाकडेच्या वाहनतळावर गाडी लावून झोपला. गाडी धडधाकट, रस्ता मोकळा. पण दिवसाचे तास भरले होते. बायको डबा घेऊन तिथं भेटून आली. मला हे सांगताना त्याची तक्रार एकच होती, सुपात मीठ कमी होतं!

नियम युरोपभरचा आहे. साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचं. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून फार तर दोनदा दहा. गाडीतलं यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवतं. इथवर ठीक. मी चाट पडलो तो पुढच्या कलमानं. रस्त्यावरच्या सुरक्षेला धोका होईल अशा रीतीनं चालकाचे पैसे अंतरावर किंवा मालाच्या वजनावर ठरवायला 2006 च्या या नियमावलीत चक्क मनाई आहे.

म्हणजे आमचा गोव्यातल्या डिचोलीचा हिशेबच बेकायदा की! शिरगाव-मयेकडे खनिज भरायचं, सारमानसच्या धक्क्यावर बार्जीसाठी ओतायचं, की टिप्पर परत वर. जितक्या ट्रीपा तितके पैसे. रस्त्यावर तांबडी धूळ, शाळेची पोरं कुंपणाला चिकटून उभी, आणि आम्ही सगळे मिळून शिव्या घालणार ड्रायव्हरला: पोरं माजलीत. अरे, त्याची कमाईच वेगाला बांधलेली, मालकाच्या डोक्यावर बँकेचा हप्ता, पावसाळ्यात खाण बंद. सावकाश चालवणारा त्या हिशेबात मूर्खच ठरायचा. 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि ट्रक अंगणात गंजत राहिले. खाणी परत सुरू करा म्हणून मोर्चे निघाले. ट्रीपचा हिशेब बदला म्हणून मोर्चा निघाल्याचं मला तरी आठवत नाही.

पेडण्याची तऱ्हा निराळी. मोपाचा विमानतळ 2022 च्या डिसेंबरात उघडला, तेव्हापासून ऐकतोय, ‘आमच्या पोरांना काम नको, सरकारी नोकरीच पाहिजे.’ का नको? कंत्राटदाराकडची नोकरी आज आहे, उद्याचं सांगता येत नाही. सोयरीक जुळवताना मुलीचा बाप पहिलं काय विचारतो? ‘कायम आहे काय?’ पोरगा आळशी नाही, गणित पक्कं आहे त्याचं. इथं जर्मनीत सहा महिने उलटले की दहाहून जास्त माणसांच्या खासगी कंपनीलाही सबळ कारणाशिवाय काढता येत नाही. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर तर नाहीच, सहीचा कागद हातात द्यावा लागतो. आपण ज्या शाश्वतीसाठी मंत्र्याच्या दारात उभे राहतो, ती इथं साध्या गोदामातल्या हमालालाही मिळते.

याची किंमत? माणूस काढणं अवघड, म्हणून घेतानाच मालक दहादा विचार करतो, आणि गळका नळ महिनाभर गळतो. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं उत्तर मिळतं, वर अगदी नम्रपणे. पेडण्यात आमचा नळवाला संध्याकाळी येतो, चहा घेतो, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून जातो. आठ दिवसांनी नळ परत गळतो, तोही परत येतो. रात्री टपटप ऐकत पडलो की मला तोच बरा वाटतो.

परवा मावसभावाचा फोन आला. टिप्पर चालवून हात बसलेला, जर्मनीला चालकांची टंचाई आहे हे त्यानं कुठंतरी वाचलेलं. मी भाषेची परीक्षा, इथला परवाना, व्यवसाय-प्रशिक्षण असं सगळं सांगत होतो. त्यानं मध्येच थांबवलं.

‘ते जाऊ दे रे. ट्रीपमागे किती सुटतात?’

‘ट्रीपवर नाही, तासावर देतात. आणि तास संपले की चालवायचं नाही.’

‘मगे जास्त मारून फायदा काय?’ असं म्हणून त्यानं गोव्याच्या सरकारी कदंब बसच्या ड्रायव्हरांची भरती कधी निघते, ते माझ्याकडेच विचारलं.