कविता आणि अस्खलित वाचन

मुळाक्षरे आणि बाराखडी शिकून झालेले मूल जेव्हा पहिल्यांदा पुस्तक वाचू लागते, तेव्हा ते नेमके काय करीत असते? ते 'क', 'म', 'ळ' अशी अक्षरे सुटी उच्चारते, क्षणभर थांबते आणि मग 'कमळ' हा शब्द सलग म्हणते. वाक्याच्या अखेरीस पोहोचेपर्यंत आरंभीचे शब्द त्याच्या स्मरणातून निसटलेले असतात. अक्षर एकही चुकलेले नसते. तथापि अर्थ हाती लागत नाही. डेव्हिड लाबर्ज आणि जे सॅम्युएल्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली याची उपपत्ती मांडली. मनुष्याचे अवधान मर्यादित असते. ते सारे अक्षरे जुळविण्यातच खर्च झाले, तर अर्थासाठी काही शिल्लक राहत नाही.

सॅम्युएल्स यांनी १९७९ साली सुचविलेला उपाय अगदी साधा होता. एकच लहान उतारा पुरेसा वेग येईपर्यंत पुनःपुन्हा वाचावयाचा. त्यामुळे त्या उताऱ्याचा वेग वाढतोच, शिवाय पुढचा नवा उताराही मूल पूर्वीपेक्षा अधिक वेगाने वाचू लागते, असे त्यांना आढळले. परंतु मोराविषयीचा तोच परिच्छेद चौथ्यांदा कोणते मूल आनंदाने वाचील? कविता मात्र चौथ्यांदाच काय, दहाव्यांदाही म्हणावीशी वाटते. पुनरावृत्ती हा तिचा स्वभावच आहे.

याशिवाय कवितेची आणखी दोन साहाय्ये आहेत. ओळ आखूड असल्यामुळे कोठे थांबावयाचे हे डोळ्यांना आपोआप कळते, आणि यमकामुळे ओळीचा शेवटचा शब्द मनात आधीच उमटू लागतो. देवनागरी लिपीत तालाचा एक विशेष उपयोग होतो. आपण 'चालला' असे लिहितो, पण बोलताना मधल्या 'ल'मधील अकार गाळतो. अक्षर-अक्षर वाचणारे मूल तो अकार स्पष्टपणे उच्चारते आणि ओळखीचा शब्द त्याला परका वाटू लागतो. बोलीच्या लयीत रचलेले बालगीत त्याला खऱ्या उच्चाराकडे खेचून नेते. (जुन्या वृत्तबद्ध कवितेत पुष्कळदा याच्या उलट घडते, तेथे अकार लांबवावा लागतो. म्हणून आरंभी ती टाळलेली बरी.)

रवींद्रनाथ ठाकुरांनी 'जीवनस्मृती'त आपल्या बालपणीचा एक अनुभव सांगितला आहे. जोडणीच्या पाठांतून धडपडत बाहेर पडल्यावर पाऊस आणि पाने यांविषयीचे एक सयमक वाक्य त्यांच्या वाचनात आले. आपल्या आयुष्यातील ती पहिली कविता, असे ते म्हणतात. पुढे १९३० साली त्यांनी बंगाली मुलांसाठी 'सहज पाठ' लिहिला, तेव्हा त्यात गद्याच्या जोडीने पद्य घातले आणि वर्णमालासुद्धा यमकांतून ओळखीची करून दिली. चित्रे नंदलाल बसू यांची होती.

आता एका धोक्याचा विचार केला पाहिजे, कारण आपल्या शाळांत तो पदोपदी आढळतो. साऱ्या वर्गाने एका सुरात कविता म्हटली म्हणजे वाचन झाले, असे नव्हे. पुस्तक उलटे धरूनही मुले तीच कविता बिनचूक म्हणून दाखवितात! कान आणि जीभ पुढे निघून गेली आहेत, डोळा मागेच राहिला आहे, असा हा प्रकार असतो. पाठांतराला नाके मुरडण्याचे मुळीच कारण नाही. मात्र त्याला छापील अक्षराशी बांधून घ्यावे लागते. शिक्षकाने फळ्यावर मोठ्या अक्षरांत कविता लिहावी, प्रत्येक शब्दाखाली पट्टी फिरवीत ती दोनदा वाचावी. नंतर सर्वांनी मिळून आणि मग दोघादोघांनी वाचावी. दुसऱ्या दिवशी ओळींच्या सुट्या पट्ट्या करून त्या क्रमाने लावावयास द्याव्यात. मधलीच ओळ दाखवून ती वाचावयास सांगावी. 'मांजर'च्या जागी गुपचूप 'माकड' लिहून ठेवावे. जो डोळ्यांनी वाचीत असेल तो अडखळेल आणि हसेल. जो केवळ आठवीत असेल तो 'मांजर' म्हणून पुढे जाईल.

कविता आठ-दहा ओळींची पुरे, आणि तिच्यातील बहुतेक शब्द मुलाच्या नित्य बोलण्यातले असावेत. अनुवादाचे काम करणाऱ्याला हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे की, येथे अनुवादित कविता फारशी उपयोगी पडत नाही. अर्थ आणता येतो, ताल क्वचितच येतो. घरी गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला त्याच्या आजीच्या तोंडचे गाणे फळ्यावर लिहून द्यावे.

२०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात तिसरी इयत्ता संपताना मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत, असे उद्दिष्ट ठेवले आहे. घड्याळ जवळ ठेवण्यास हरकत नाही. पण कविता धावत वाचली तर ती कविताच उरत नाही, आणि मुलांना हे आपल्या आधी कळते.

पाचव्या दिवशी कविता बाजूला ठेवून त्याच शब्दांचा चार-पाच वाक्यांचा एक गद्य परिच्छेद मुलासमोर ठेवावा. तेथे यमकाचा आधार नसतो. ज्या शब्दापाशी ते अडखळेल तो शब्द टिपून ठेवावा. पुढच्या आठवड्याची कविता निवडताना तो पुन्हा येईल असे पाहावे.