बाटली कोठून भरावी

काळी नदीवरील सुपा धरणात जुने सुपे बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि पुढे तालुकाही त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. उत्तर कन्नड जिल्ह्यातील या डोंगरी तालुक्यात १०१ मीटर उंचीच्या धरणामागे सुमारे १४५ टीएमसी, म्हणजे १४५ अब्ज घनफूट, पाणी साठू शकते. परंतु धरण मुख्यतः वीजनिर्मितीसाठी बांधलेले असल्यामुळे त्या साठ्याने रानात विखुरलेल्या वाड्यांचा पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आपोआप सुटत नाही. नंदिगड्डे हे याच तालुक्यातील ग्रामपंचायतीचे गाव आहे. या मुलखात घरे बागायतीच्या आणि रानाच्या कडेने चार-चार, दहा-दहा अशी पसरलेली असतात, मध्ये ओहोळ आणि चढउतार असतात, आणि म्हणून एकाच मोठ्या केंद्रात पाणी शुद्ध करून ते सर्वत्र नेण्यापेक्षा वाडीची विहीर, कूपनलिका किंवा वरच्या अंगाचा झरा, त्याला जोडलेली छोटी टाकी आणि तेथून निघालेली नळवाहिनी हीच रचना सोयीची पडते. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी आधी निवळते, मग वाळूतून गाळले जाते आणि अखेरीस त्यात क्लोरीन मिसळतो. छोट्या योजनेत या तीन पायऱ्यांपैकी बहुधा शेवटचीच उरते, आणि तीही ब्लीचिंग पावडरची पिशवी वेळेवर येण्यावर अवलंबून असते.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागातील प्रत्येक घराला नळ आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवले, आणि पाणी भारतीय मानक आयएस १०५०० मधील कसोट्यांना उतरले पाहिजे अशी अट घातली. याच योजनेत प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांच्या हाती येणाऱ्या संचात आम्लता, कठीणपणा, लोह, नायट्रेट, फ्लोराइड इत्यादींसाठी रंग बदलणारी रसायने असतात; जांभ्याच्या प्रदेशात विहिरीचे पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते व काही ठिकाणी त्यात लोह उतरते, त्यामुळे भांड्यावर तांबूस डाग पडतात आणि लोकांची तक्रार त्या डागांविषयी असते. डागाने माणूस आजारी पडत नाही. आजारी पाडणारे पाणी स्वच्छ, गार आणि चवीला उत्तम असू शकते, आणि ते ओळखण्यासाठी रासायनिक संचाच्या जोडीला एक छोटी बाटली दिली जाते, जिला सरकारी कागदपत्रांत आणि बोलण्यातही एच टू एस बाटली म्हणतात.

या बाटलीचा जन्म प्रयोगशाळेच्या अडचणीतून झाला. विषमज्वर, पटकी, हगवण किंवा कावीळ यांचे जंतू पाण्यात एकेक करून शोधणे खर्चाचे आणि वेळखाऊ असते, म्हणून माणसाच्या व जनावरांच्या आतड्यात नेहमीच विपुल असणारे जीवाणू, विशेषतः टेओडोर एशेरिख यांनी १८८५ मध्ये वर्णन केलेला ई. कोलाय, पाण्यात आहेत का एवढेच पाहण्याची प्रथा पडली; विष्ठेचा अंश पाण्यात शिरला असेल तर हे जीवाणू सापडतात, आणि जेथे ते सापडतात तेथे रोगजंतूही येऊ शकतात, असा त्यामागील तर्क आहे. या जीवाणूंना निर्देशक जीवाणू म्हणतात, आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच नसावा अशी मानकाची अट आहे. मात्र ही तपासणी करायची तर निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन तो थंड ठेवून शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. जोयड्याच्या वाडीतून निघून अणशी घाट उतरून जिल्ह्याच्या ठिकाणी, कारवारला, भर पावसात बर्फाच्या पेटीसह नमुना नेणे हे कागदावर सोपे दिसते तेवढे नाही. १९८२ मध्ये ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेतील मांजा, मौर्य आणि राव या संशोधकांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली, जिच्यात नमुन्याला प्रयोगशाळेत जावे लागत नव्हते. प्रयोगशाळेचा आवश्यक तेवढा भाग कागदाच्या पट्टीवर वाळवून बाटलीतच ठेवलेला होता.

बाटली हातात घेतली तर पाहण्यासारखे फारसे काही नसते. घट्ट झाकण, तळाशी घडी करून बसवलेली, पिवळसर तपकिरी झाक असलेली कागदाची पट्टी, आणि बाजूला २० मिलिलिटरची खूण. पट्टीत जीवाणूंचे अन्न म्हणून पेप्टोन, आम्लता सांभाळण्यासाठी फॉस्फेट, थोडे साबणी द्रव्य, सोडियम थायोसल्फेट आणि लोहाचा एक क्षार, फेरिक अमोनियम सायट्रेट, शोषलेले असतात. खुणेपर्यंत पाणी भरले की पट्टीतील द्रव्ये विरघळतात. पाण्यात आतड्यातील विशिष्ट जीवाणू असतील तर ते वाढू लागतात, थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजेच एच टू एस, हा कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार करतात, आणि तो वायू लोहाशी संयोग पावून काळे लोह सल्फाइड बनते. पाणी काळे पडते. थायोसल्फेट आणखी एक काम मुकाट्याने करते, ते म्हणजे नमुन्यात उरलेला क्लोरीन निष्प्रभ करणे. तसे झाले नाही तर बाटलीतच जंतू मरत राहतील आणि नमुना घेतला त्या क्षणी पाणी कसे होते हे कळणार नाही. मूळ पद्धतीत ३० ते ३७ अंश तापमानाला १२ ते १८ तासांत उत्तर मिळते. घाटमाथ्यावरील श्रावणातल्या गारठ्यात हे तापमान घरात मिळत नाही, म्हणून बाटली चुलीपासून थोड्या अंतरावर, उबेच्या जागी ठेवून दोन दिवसांपर्यंत वाट पाहणे शहाणपणाचे ठरते. एका रात्रीनंतर पाणी पांढरे, म्हणजे काळे न पडलेले, दिसले म्हणून वहीत ‘योग्य’ लिहून मोकळे होणे ही या तपासणीतील नेहमीची घाई आहे.

बाटलीच्या मर्यादाही तिच्या रचनेतूनच येतात. हायड्रोजन सल्फाइड तयार करणारे सगळेच जीवाणू आतड्यातले नसतात. काही मातीत आणि खोल भूजलात स्वाभाविकपणे राहतात, आणि पाण्यात मुळातच सल्फाइड असेल तर विष्ठेचा संबंध नसतानाही काळेपणा येतो. मार्क सॉब्सी आणि फ्रेडरिक फेंडर यांनी २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी या पद्धतीचा आढावा घेताना याच कारणांनी सावधगिरीचा सल्ला दिला होता. विषाणू किंवा जिआर्डियासारख्या परजीवींचे कोश बाटलीला दिसत नाहीत. शिवाय ती २० मिलिलिटरचीच साक्ष देते, १०० मिलिलिटरची नव्हे. तरीही एका बाटलीच्या निकालावरून तिच्यावर दोष ठेवणे अन्यायाचे आहे, कारण तिचे खरे सामर्थ्य अनेक बाटल्या वेगवेगळ्या ठिकाणी भरण्यात आहे, आणि शासकीय तपासणीत नेमका हाच विचार कमी पडतो. किती नमुने तपासले याचे आकडे अहवालात जातात. नमुना कोठून घेतला हे मात्र रकान्यात एका शब्दात संपते.

नमुना घेण्याचा रूढ नियम असा की तोटीचे तोंड पुसावे, धातूची असेल तर स्पिरिटच्या बोळ्याने शेकावे, पाणी दोन-तीन मिनिटे वाहू द्यावे आणि मग बाटली भरावी. मुख्य वाहिनीतील पाणी कसे आहे हे जाणायचे असेल तर नियम रास्त आहे. परंतु ज्या गावात पाणी दिवसातून तासभर किंवा एक दिवसाआड येते तेथे घरातली बाई दोन-तीन मिनिटे पाणी वाहू देत नाही. नळ घरघरला की पहिला हंडा लागतो. पाणी बंद असताना वाहिनीतील दाब नाहीसा होतो, सांध्यांतून आणि चिरांतून गटाराचे किंवा शेताडीतले पाणी आत झिरपते, नळीच्या आतल्या भिंतीवरचा चिकट थर सुटतो, आणि पुरवठा सुरू होताच हा सगळा ऐवज पहिल्या धारेबरोबर घरात येतो. म्हणजे तपासणारा जे पाणी सोडून देतो तेच घर पिते.

ही केवळ शंका नाही. जोयड्याच्या घाटमाथ्यावरून पूर्वेला गेले की येणाऱ्या हुबळी-धारवाडात एमिली कुंपेल आणि कारा नेल्सन यांनी याचा अभ्यास केला. तेथे जागतिक बँकेच्या साहाय्याने काही प्रभागांत चोवीस तास पुरवठा सुरू झाला होता, तर उरलेल्या शहरात काही दिवसांच्या अंतराने पाणी येत होते, त्यामुळे एकाच शहरात तुलना करणे शक्य झाले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार अखंड पुरवठ्याच्या नळांच्या ०.७ टक्के नमुन्यांत ई. कोलाय सापडला, आणि खंडित पुरवठ्याच्या नळांच्या ३१.७ टक्के नमुन्यांत. पहिल्या धारेचे आणि कमी दाबाच्या वेळचे पाणी विशेष वाईट असल्याचेही त्यांच्या पुढील लेखनातून दिसून आले. मात्र त्याच शहरातील आरोग्याच्या दुसऱ्या अभ्यासात, जो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, अखंड पुरवठ्याच्या भागातील लहान मुलांमध्ये साध्या अतिसाराचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी आढळले नाही. विषमज्वराच्या बाबतीत फरक दिसला. नळ सुधारला तरी साठवण, हात आणि अंगण यांच्या वाटा उघड्या राहतात, हा त्याचा एक अर्थ लावता येतो.

नंदिगड्ड्यासारख्या गावात म्हणून एकाच दिवशी पाच बाटल्या भराव्यात: पहिली विहिरीतून किंवा झऱ्यातून, दुसरी टाकीतून, तिसरी शेवटच्या घराच्या नळाच्या पहिल्या धारेची, चौथी त्याच नळाची पाणी थोडे वाहू दिल्यावर, आणि पाचवी त्या घरातील हंड्यातली. विहिरीची बाटली काळी आणि टाकीची पांढरी असेल तर पावडर आपले काम करीत आहे. टाकीची पांढरी आणि शेवटच्या नळाच्या दोन्ही काळ्या असतील तर वाहिनी कोठेतरी फुटली आहे आणि फुटलेली जागा वाहिनीला छेदणाऱ्या ओहोळापासून किंवा शोषखड्ड्यापासून शोधायला घ्यावी. पहिल्या धारेचीच काळी असेल तर पुरवठ्याची वेळ बदलणे किंवा पहिला हंडा भांड्यांना वापरणे हा तूर्तास उपाय आहे. आणि फक्त हंड्याची काळी असेल तर पंचायतीला दोष देण्यात अर्थ नाही, बुडवण्याच्या तांब्याकडे पाहावे. असे पाच निकाल एका कागदावर आले की पाण्याचा नकाशा तयार होतो. वर्षभरात एकाहून अधिक वेळा बाटल्या मिळणार नसतील तर त्या मृगाच्या पहिल्या जोरदार पावसानंतरच्या आठवड्यासाठी राखाव्यात, कारण उन्हाळाभर उतारावर साचलेली घाण तेव्हा एकदम विहिरीकडे वाहते. मार्चमध्ये संख्येची पूर्तता करण्यासाठी भरलेली बाटली फार थोडे सांगते.

बाटलीचे उत्तर यायला एक-दोन दिवस लागतात, आणि तोवर गाव पाणी पीत असते. म्हणून रोजचा पहारा क्लोरीनच्या चाचणीनेच करावा लागतो. पाण्यात घातलेला क्लोरीन आधी जंतू आणि सेंद्रिय घाण यांच्यावर खर्च होतो आणि अर्ध्या तासानंतर जो उरतो त्याला अवशिष्ट क्लोरीन म्हणतात. मानकानुसार तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. महाराष्ट्रात ज्या ब्लीचिंग पावडरीला टीसीएल म्हणतात तिच्यात ताजी असताना सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो आणि स्वच्छ पाण्याच्या हजार लिटरला सुमारे २.५ ग्रॅम हे तिचे पुस्तकी प्रमाण आहे. पण घाटातल्या दमट हवेत उघडी राहिलेली पिशवी आठवड्यागणिक निस्तेज होते आणि गढूळ पाणी क्लोरीन अधिक खाते, त्यामुळे पुस्तकी प्रमाण सर्वकाळ चालत नाही. लष्करी वैद्यक सर विल्यम हॉरॉक्स यांच्या नावाने ओळखली जाणारी पेटी यासाठीच बनली: एका काळ्या पेल्यात पावडरीचे द्रावण करायचे, सहा पांढऱ्या पेल्यांत तपासायचे पाणी घेऊन त्यांत एक ते सहा थेंब वाढत्या क्रमाने टाकायचे, अर्ध्या तासाने स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब घालायचे, आणि निळी छटा आलेल्या पेल्यांपैकी जो क्रमाने पहिला असेल त्याच्या क्रमांकाइतके दोन ग्रॅमचे चमचे ४५५ लिटर पाण्याला लागतात असे धरायचे. तिसऱ्या पेल्यात निळे दिसले तर सहा ग्रॅम. ही पेटी आज ग्रामपंचायतीत क्वचितच दिसते, तरी तिच्यातील शहाणपण, म्हणजे त्या दिवशीचे पाणी आणि हातातली पावडर या दोघांना विचारून मात्रा ठरवणे, आजच्या गोळ्या-थेंबांच्या चाचण्यांनी जुने झालेले नाही.

ही मात्रा प्रत्यक्षात ठरवतो तो पाणी सोडणारा माणूस, ज्याला कन्नड मुलखात नीरगंटी म्हणतात आणि ज्याच्याकडे मोटार, व्हॉल्व्ह, गळती आणि लोकांच्या तक्रारी एकाच वेळी असतात. महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता पाहून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. कार्ड पंचायतीला मिळते, पण त्याचा रंग बव्हंशी या एका माणसाच्या सकाळच्या तासावर ठरतो. त्याच्या हाती शेवटच्या नळाचा क्लोरीन मोजण्याचा साधा संच आणि रोजच्या आकड्यासाठी वही असेल, आणि तपासणाऱ्या महिलांच्या पाच बाटल्यांचे निकाल त्याच्याच वहीच्या शेजारच्या पानावर लिहिले जात असतील, तर काळी बाटली तक्रार न राहता कामाची यादी होते.

निकाल लिहून झाल्यावर बाटलीकडे दुर्लक्ष होऊ नये. काळ्या पडलेल्या पाण्यात मूळ नमुन्यापेक्षा कितीतरी पटींनी वाढलेले जीवाणू असतात, तेव्हा झाकण उघडून ते मोरीत ओतणे किंवा बाटली धुऊन मुलांना खेळायला देणे धोक्याचे आहे. त्यात ब्लीचिंग पावडरचे दाट द्रावण किंवा जंतुनाशक घालून ती काही तास तशीच ठेवावी, मग पाणी विहिरीपासून आणि ओहोळापासून दूर खणलेल्या खड्ड्यात ओतून वर माती लोटावी, आणि हात साबणाने धुऊन मगच पुढची बाटली हाती घ्यावी.