पाठीमागचा शेरा

बहिणीच्या घरी जेवणाच्या टेबलावर भाचीचं पदवी प्रमाणपत्र पालथं घातलेलं होतं. पुढच्या बाजूला विद्यापीठाचं नाव, बोधचिन्ह, कुलगुरूंची सही असं सगळं वैभव होतं, पण घरातले सगळे वाकून बघत होते ती मागची बाजू. तिथे दोन-तीन शिक्के आणि त्यांच्या शेजारी एक चौकोनी स्टिकर. भाचीला पुढच्या शिक्षणासाठी इटलीला जायचं आहे आणि हा स्टिकर येईपर्यंत घरात दुसरा विषय नव्हता. बहिणीच्या सासूबाईंनी चष्मा पुसून तो वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि विचारलं, "पोरगी किती शिकली, थे कोठी लिवलं यात?"

कुठेच नाही. घरी परतताना माझ्या डोक्यात तोच प्रश्न घोळत राहिला आणि मग मी त्या चौकोनाच्या मागेच लागलो.

त्याचं नाव अपोस्टिल. शब्द फ्रेंच आहे, समासात लिहिलेल्या टिपेला तिकडे असं म्हणतात. म्हणजे आपल्याकडचा शेरा! अर्जाच्या कडेला साहेबांनी दोन ओळी खरडायच्या आणि अर्जाने पुढच्या टेबलाकडे निघायचं, ही कचेरीतली रीत जगभर एकच असावी. फरक एवढाच की हा शेरा कसा दिसावा, हे एका आंतरराष्ट्रीय करारात लिहून ठेवलं आहे. चौकोन असावा. त्याची बाजू किमान 9 सेंटिमीटर असावी. कागद भारताचा असो की ब्राझीलचा, मथळा फ्रेंचमध्येच असावा आणि त्यात 5 ऑक्टोबर 1961 ही हेगच्या कराराची तारीख असावी. खाली दहा रकाने: देश कोणता, मूळ कागदावर सही कोणाची, तो माणूस कोणत्या पदावरचा, शिक्का कोणाचा, मग ठिकाण, तारीख, शेरा देणारा कोण, क्रमांक, मोहोर आणि शेवटी त्याची स्वतःची सही.

या दहांपैकी एकही रकाना विद्यार्थ्याच्या हुशारीसाठी नाही. भाचीला रसायनशास्त्र येतं की नाही, याच्याशी अपोस्टिलला काही देणंघेणं नाही. ते एवढंच सांगतं की या कागदावरची सही खरी आहे, सही करणारा त्या पदावर होता आणि शिक्का बनावट नाही. कागदात काय लिहिलं आहे त्याची हमी ते देतच नाही. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी जरा हिरमुसलोच. एवढी धावपळ आणि हातात काय, तर सहीची सही?

पण मग विचार करू लागलो, की याहून वेगळं करणार काय? नागपूर विद्यापीठाच्या कुलगुरूंची सही इटलीतल्या एखाद्या कारकुनाने कशी ओळखावी? जगात हजारो विद्यापीठं, तितकेच कुलगुरू, आणि तेही दर काही वर्षांनी बदलणारे. स्थळ बघताना आपण काय करतो ते आठवा. मुलाचं घराणं आपल्याला माहीत नसतं, पण आर्वीचे काका माहीत असतात, काकांना हिंगणघाटचे पाहुणे माहीत असतात आणि पाहुण्यांच्या शेजारी मुलाची आत्या राहते. प्रत्येकाला फक्त आपल्या अलीकडचा एक माणूस ठाऊक असावा लागतो. पदवीचंही तेच. राज्य सरकारने नेमलेला अधिकारी विद्यापीठाकडचा कागद तपासून आपली सही करतो. परराष्ट्र मंत्रालयाला विद्यापीठ ठाऊक नसलं तरी चालतं, त्याला राज्याच्या त्या अधिकाऱ्याची सही ठाऊक असते, कारण तिचा नमुना आधीच त्यांच्या दप्तरी असतो. आणि इटलीला ठाऊक असतं ते फक्त मंत्रालय. हजारो सह्यांचा गुंता तीन गाठींत सुटतो. मला तर ही युक्ती सोपेपणातच थक्क करणारी वाटते.

शिवाय करारात एक शहाणपणाची तरतूद आहे. शेरा देणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने त्याची नोंद ठेवायची आणि कोणी विचारलं तर ती पडताळून द्यायची. त्यामुळे स्टिकरवरचा क्रमांक हा त्याचा जीव आहे. सुरुवातीला ही नोंद वहीत किंवा कार्डांच्या खणात असायची, आता ती संगणकावर आहे. स्टिकर हुबेहूब छापणं एक वेळ जमेल, पण दिल्लीच्या नोंदीत आपली ओळ घुसवणं अवघड.

1961 च्या आधी या गाठी संपतच नसत. आपल्या परराष्ट्र खात्याच्या सहीवर त्या देशाच्या वकिलातीची सही, तिच्यावर त्या देशाच्या परराष्ट्र खात्याची सही, आणि मग कुठे कागद कामाचा. एकेका सहीला वेगळी फी, वेगळी रांग. हेगच्या कराराने ही शेपटी छाटली आणि एका चौकोनावर काम आणलं. भारत मात्र निवांतपणे आला. आपल्याकडे हा करार लागू झाला 14 जुलै 2005 रोजी, म्हणजे जवळजवळ 44 वर्षांनी. आज सव्वाशेहून अधिक देश त्यात आहेत. कॅनडासारखा देशसुद्धा जानेवारी 2024 मध्ये आला, तेव्हा आपण फारच उशीर केला असं म्हणवत नाही.

आमच्या वर्ध्याचा माणूस परदेशी शिकायला जातो ही गोष्ट काही नवी नाही. पांडुरंग खानखोजे वर्ध्याचेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते जपानमार्गे अमेरिकेत गेले, शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत उतरले, पहिल्या महायुद्धात इराणपर्यंत भटकले आणि 1920 च्या दशकात मेक्सिकोत पोचले. ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने ते फरारी क्रांतिकारक, तेव्हा त्यांच्या कागदावर कोणती वकिलात शेरा मारणार होती? त्यांच्या कामी आली ती अमेरिकेत असताना मेक्सिकन क्रांतिकारकांशी जुळलेली ओळख, शब्दशः ओळख. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत ते प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर काम केलं, आणि दिएगो रिव्हेराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना चितारलं. मेक्सिकोत अपोस्टिल लागू झालं 1995 मध्ये. आज वर्ध्याहून कोणी चापिंगोला शिकवायला निघालं, तर त्याला क्रांतिकारकांची मैत्री लागणार नाही, 9 सेंटिमीटरचा चौकोन पुरेल.

प्रत्येक देशाला तो पुरतो असं मात्र नाही. संयुक्त अरब अमिराती या करारात नाही, त्यामुळे दुबईला नोकरीला निघालेल्या नर्सच्या किंवा इंजिनिअरच्या कागदांना अजूनही जुनी वाट धरावी लागते. आपल्या मंत्रालयाचं साधं साक्षांकन, मग त्यांची वकिलात, मग तिकडे गेल्यावर तिथलं परराष्ट्र खातं. जर्मनीची गोष्ट आणखी मजेशीर. जर्मनी करारात आहे, भारतही आहे, पण भारत आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली, आणि दोघांमध्ये करार लागूच झाला नाही. एकाच पंगतीत बसायचं, पण एकमेकांच्या ताटातलं खायचं नाही! नोव्हेंबर 2022 पासून तर तिकडे शिकायला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाच्या आधी शैक्षणिक कागदपत्रांची वेगळी पडताळणी करून घ्यावी लागते. ती मात्र सही बघून थांबत नाही, मागचं शिक्षणही तपासते. सासूबाईंचा प्रश्न जर्मनांनाही पडला असावा.

खर्चाचं म्हणाल, तर अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे 50 रुपये. पण 2012 पासून मंत्रालय सामान्य माणसाकडून थेट कागद घेत नाही, ते नेमलेल्या संस्थांमार्फत जातात. त्यामुळे सेवाशुल्क, कुरिअर आणि नेमकं काय कुठे द्यायचं हे न कळल्यामुळे गाठलेला एजंट, हे सगळं मिळून आकडा कितीतरी पटींनी फुगतो. वेळ आणि धीर असेल तर एजंटाविना जमतं, असं माझं मत. बहिणीकडे दोन्ही नव्हतं. 2017 पासून 'ई-सनद' नावाची ऑनलाइन सोयही आहे, विद्यापीठाने नोंदी तिथे जोडलेल्या असतील तर कागद न हलवता पडताळणी होते. नाव कोणी सुचवलं त्याला दाद द्यायला हवी. पेशव्यांनी वतनाची द्यायची ती सनद, वकिलाला मिळते ती सनद, आणि आता ही.

खरी गंमत झाली ती या सगळ्याच्या आधी. बहिणीने भाचीची दहावीची गुणपत्रिका जिवापाड जपली होती. जपली म्हणजे निकालाच्याच आठवड्यात लॅमिनेशन करून आणली होती. आता शिक्का मारणार कुठे, प्लास्टिकवर? ती दुसरी प्रत काढावी लागली. ती आल्यावर दिसलं की गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग भाचीचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम उलटा. आणि वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. आपल्याला ते नाव एकच दिसतं. परक्या देशातल्या माणसाला ती दोन माणसं वाटू शकतात.

नावामुळे घोटाळा होण्याची परंपरा आमच्या जिल्ह्याला आहेच. गांधीजी 1936 मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले आणि त्यांचं टपाल बुलढाण्याकडच्या शेगावला जाऊ लागलं. शेवटी 1940 मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. भाचीच्या बाबतीत नाव बदलण्याची पाळी आली नाही. भावजींनी एके सकाळी कोर्टासमोरच्या झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टकडून प्रतिज्ञापत्र टाइप करून घेतलं, ही दोन्ही नावं एकाच माणसाची असून तो माणूस मीच आहे, असं. मग त्यावरही नोटरीचा शिक्का बसला.