कमरेची किल्ली आणि बारा शब्द

गेल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची पत्नी नगरच्या सावेडी भागांतील आमच्या बिऱ्हाडीं आली. यजमानांना जाऊन तीन महिने झाले होते. हृदयविकारानें एका रात्रींत सारें आटोपलें. बँकेचीं पुस्तकें, विम्याचे कागद, पोस्टाचीं प्रमाणपत्रें, सर्व कांहीं त्या गृहस्थानें टापटिपीनें लावून ठेविलें होतें. परंतु कांहीं वर्षांपासून तो थोडथोडे पैसे ‘बिटकॉइन’मध्यें घालीत असे, व तीं नाणीं मोबाइलमधील एका ‘वॉलेट’मध्यें आहेत, एवढेंच तिच्या कानांवर होतें. त्या रात्रीच्या धांवपळींत मोबाइल पाण्यांत पडून कायमचा बंद पडला. नव्या मोबाइलवर तेंच वॉलेट घेतलें, तर तें बारा शब्द मागूं लागलें.

“मास्तर, बारा इंग्रजी शब्द लिहिलेला एक कागद देवघराच्या फडताळांत होता. मुलांचें शुद्धलेखन असेल असें समजून दिवाळीच्या साफसफाईंत मींच तो रद्दींत टाकला.” इतकें बोलून ती माउली गप्प बसली. काय बोलावें हें आम्हांसही सुचेना.

त्या दिवसापासून आम्हीं हा विषय मुळापासून समजून घेण्याचा प्रयत्न केला. जें उमगलें तें येथें मांडीत आहों. कारण हीं पाकिटें आतां पुष्कळ सुशिक्षित घरांत शिरलीं आहेत, आणि घरांतील एकासच त्यांची माहिती असते.

या नाण्यांस हल्लीं मराठींत ‘कूटचलन’ म्हणतात. शब्द योजणाराच्या मनांत ‘गूढ लिपींतील चलन’ असा अर्थ असावा. परंतु कौटिलीय अर्थशास्त्रांत ‘कूटरूप’ म्हणजे खोटें नाणें, हें ज्यांस ठाऊक आहे ते हा शब्द ऐकून थोडे बिचकतील. आमच्या मतें दोन्ही अर्थ मनांत वागवूनच या वाटेस जाणें बरें.

सातोशी नाकामोतो हें टोपणनांव घेणाऱ्या व्यक्तीनें २००८ सालीं बिटकॉइनची कल्पना मांडली, आणि ३ जानेवारी २००९ रोजीं त्याच्या खातेवहीचें पहिलें पान लिहिलें गेलें. आपल्या व्यापाऱ्याची चोपडी त्याच्या एका दुकानांत असते. या वहीच्या हजारों प्रती जगभरच्या संगणकांवर एकाच वेळीं असतात. एका प्रतींत कोणीं खाडाखोड केली तर ती इतरांशीं जुळत नाहीं, म्हणून नाकारली जाते. पानास पान साखळीसारखें जोडलेलें असतें, यास्तव तिला ब्लॉकचेन म्हणतात. नाणें म्हणजे या वहींतील एक नोंद. याहून निराळी वस्तु नव्हे.

तेव्हां ‘वॉलेट’ हें नांवच मुळीं फसवें आहे. त्या पाकिटांत नाणीं नसतात. तीं वहींत असतात, आणि पाकिटांत असते ती नोंद फिरविण्याची किल्ली. प्रत्येक वॉलेटचीं दोन अंगें असतात. एक पत्ता, तो बँकेच्या खातेक्रमांकाप्रमाणें कोणासही द्यावा. दुसरें अंग गुप्त किल्ली. ती म्हणजे सही करणारा हातच होय. बहुतेक वॉलेटें ही किल्ली बारा किंवा चोवीस शब्दांच्या रूपानें लिहून ठेवावयास देतात. हे शब्द २,०४८ शब्दांच्या ठराविक यादींतून निवडलेले असतात, व त्यांचा क्रम जरासाही बदलून चालत नाहीं. आपल्या वेदपाठकांनीं पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा युक्त्या योजून एकही पद जागचें हलूं दिलें नाहीं. तितकीच कडक शिस्त येथें आहे. शब्द जवळ असले तर यंत्र फुटलें तरी दुसऱ्या यंत्रावर पाकीट पुन्हां उभें राहतें. यंत्रही गेलें आणि शब्दही गेले, तर मग कोणत्याही सरकारास वा कंपनीस तें उघडतां येत नाहीं.

म्हणून निवड करावयाची ती पाकिटाच्या रंगरूपाची नव्हे. किल्ली कोणाच्या हातीं असावी, हा खरा प्रश्न आहे.

पहिली वाट एक्स्चेंजची, म्हणजे नाण्यांची खरेदीविक्री करणाऱ्या पेढीची. किल्ली पेढीपाशीं राहते आणि आपल्या नांवें फक्त हिशेब असतो. परवलीचा शब्द विसरला तर तेथें दाद मागतां येते. मृत्यूनंतर वारसास कागदपत्रें घेऊन जातां येतें. ही सोय लहान नव्हे. परंतु परहस्तीं गेलेलें धन ऐन वेळीं उपयोगी पडत नाहीं, हें आपण लहानपणीं संस्कृतच्या तासास घोकलें आहे. १८ जुलै २०२४ रोजीं वझीरएक्स या भारतीय पेढीच्या एका वॉलेटमधून सुमारें २३ कोटी डॉलरांची नाणीं चोरीस गेलीं. ग्राहकांचे व्यवहार बंद पडले, ते ऑक्टोबर २०२५ मध्यें पुन्हां सुरू झाले. सव्वा वर्ष लोक स्वतःच्याच पैशाकडे नुसते पाहत राहिले.

नगरकरांस हा अनुभव अगदींच नवा नाहीं. शतकाहून अधिक काळ चाललेल्या नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनें ऑक्टोबर २०२३ मध्यें रद्द केला, तेव्हां ठेवीदारांच्या घरीं काय काळजी पसरली हें येथें सांगावयास नको. परंतु दोहोंत एक मोठें अंतर आहे. बँकेंतील ठेवीस ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण असतें. कूटचलनाच्या पेढींतील शिलकेस तसें कांहींच नसतें.

दुसरी वाट स्वतः किल्ली बाळगण्याची. हिचे दोन प्रकार आहेत. एक, मोबाइलमधील किंवा संगणकावरील वॉलेट. हें उघडण्यास सोपें, पण नेहमीं इंटरनेटशीं जोडलेलें असल्यामुळें चोराच्या नजरेंत राहतें. दुसरा, ‘हार्डवेअर वॉलेट’ नांवाचें लहानसें स्वतंत्र उपकरण. ट्रेझर व लेजर हीं त्यांतील प्रसिद्ध नांवें. यांत सही उपकरणाच्या पोटांतच होते व किल्ली बाहेर येत नाहीं. बाजारांत जावयाचें तर खिशांत थोडी मोड ठेवावी आणि बाकीचें कपाटांत, हा घरगुती नियम येथेंही लागू पडतो. उपकरण मात्र थेट निर्मात्याकडून घ्यावें. कोणीं वापरलेलें, अथवा शब्द आधींच छापून आलेलें, घेऊं नये.

तिसरी गोष्ट जाळ्याची. बिटकॉइनचें जाळें निराळें, २०१५ सालीं सुरू झालेल्या इथेरियमचें निराळें. मेटामास्क हें वॉलेट इथेरियमच्या कुळांतील जाळ्यांसाठीं जन्मलें. ट्रेझर, लेजर हीं उपकरणें अनेक जाळीं ओळखतात. यूएसडीटी नांवाचें एकच नाणें इथेरियमवरही चालतें व ट्रॉनवरही. पाठविणाऱ्यानें एक जाळें निवडलें व घेणाऱ्याचें पाकीट दुसऱ्याचें असलें, तर रक्कम हातची जाण्याचा संभव असतो. नगर स्टेशनावर मनमाडच्या गाडींत बसून दौंडला उतरतां येत नाहीं. तेव्हां आपलें नाणें कोणत्या जाळ्यावर आहे तें आधीं पाहावें, तें जाळें ओळखणारें वॉलेट घ्यावें, आणि मोठी रक्कम पाठविण्यापूर्वीं थोडी पाठवून ती पोंचल्याची खात्री करावी.

शब्द कोणासही सांगूं नयेत, हें तर वेगळें सांगावयास नको. मदतनीस, कंपनीचा माणूस, अधिकारी, कोणीही मागो, मागणारा चोर समजावा. पुण्यास २०१८ मध्यें उघडकीस आलेल्या कूटचलन फसवणुकीच्या तपासांत पोलिसांनीं दोन तज्ज्ञांचें साहाय्य घेतलें होतें. आरोपींच्या वॉलेटमधील नाणीं परस्पर स्वतःकडे वळविल्याच्या आरोपावरून मार्च २०२२ मध्यें त्या तज्ज्ञांसच अटक झाली. न्यायालय काय तें ठरवील. परंतु किल्ली ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं धन, एवढा बोध त्यांतून होतो.

आमच्याच जिल्ह्यांत शनिशिंगणापूर आहे. तेथें घरांस दारें व कुलुपें न लावण्याची परंपरा आहे. २०११ सालीं यूको बँकेनेंही तेथें कुलूप नसलेली शाखा उघडली. तेथील लोकांचा भरवसा देवावर आणि शेजाऱ्यावर. ब्लॉकचेनची रचना याच्या अगदीं उलट आहे. कोणावरही भरवसा ठेवावा लागूं नये अशा बेतानें ती बांधली आहे. म्हणून चूक झाल्यावर जिच्याकडे गाऱ्हाणें न्यावें अशी जागाच तींत नाहीं.

सरकारनें हीं नाणीं कायदेशीर चलन मानलेलीं नाहींत. मात्र १ एप्रिल २०२२ पासून त्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, एका नाण्यांतील तोटा दुसऱ्याच्या नफ्यांतून वजा होत नाहीं, आणि १ जुलै २०२२ पासून हस्तांतरावर १ टक्का करकपात लागू आहे. यास्तव पेन्शनीचे, औषधपाण्याचे वा मुलीच्या शिक्षणाचे पैसे यांत घालूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्यांस घालावयाचेच असतील त्यांनीं, गेले तरी चूल पेटेल, इतकेच घालावे.

आणि घातले तर घरांत सांगावें. पूर्वीं कोठीची व तिजोरीची किल्ली घरच्या स्त्रीच्या कमरेला असे. धनी परगांवीं असो वा आजारी, घर अडत नसे. हे शब्द शाईनें कागदावर लिहावेत, फोटो काढूं नये, मोबाइलमध्यें ठेवूं नयेत. दोन प्रती करून दोन सुरक्षित जागीं ठेवाव्यात. पाकिटावर ‘हा कागद फेकूं नये’ असें मराठींत लिहावें, आणि तो कशाचा आहे हें पत्नीस अथवा जाणत्या मुलास एकदां समजावून सांगावें. मृत्युपत्रांत शब्द लिहूं नयेत. ते कोठें आहेत एवढें लिहावें.

त्या बाईंच्या मुलास पुढें वडिलांच्या एका जुन्या ई-मेलमध्यें वॉलेटचा पत्ता सांपडला. त्यानें तो सार्वजनिक वहींत घालून आम्हांस दाखविला. नोंद तेथें होती. रक्कम पैपर्यंत बरोबर, शेवटची तारीखही. जगांतील कोणासही ती पाहतां येते. बाई बराच वेळ त्या आंकड्याकडे पाहत होत्या. मग त्यांनीं विचारलें, “हे आमचेच ना, मास्तर?”

“होय,” आम्ही म्हणालों, “तुमचेच.” याहून अधिक सांगण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें.