दुसऱ्यांचा ताण मोजणारीचा ताण

गेल्या पंधरा दिवसांत झोप नीट लागली का? जेवणावरून मन उडाले आहे का? ज्या कामात पूर्वी जीव रमायचा, त्यात आता रमत नाही असे किती दिवस वाटले? वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरी असे काही विचारायला मानसोपचारतज्ज्ञ येत नाही. येते ती गावातलीच आशा सेविका. हातात रजिस्टर, खांद्याला पिशवी आणि घरच्यांशी जुनी ओळख. त्या ओळखीमुळेच माणसे तिच्याशी मोकळेपणाने बोलतात.

२००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यात वर्धा होता. पुढे २०१५ मध्ये राज्य सरकारने 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, तेव्हा हेच सहा आणि मराठवाड्यातले आठ असे १४ जिल्हे निवडले गेले. योजना साधी होती. आशांनी घरोघरी जायचे, नैराश्याची लक्षणे असलेली माणसे ओळखायची, त्रास थोडा असेल तर धीर द्यायचा आणि जास्त असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत किंवा जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचवायचे. गावातल्याच माणसांना थोडे प्रशिक्षण दिले तर हे काम होते, याला शेजारच्या अमरावती जिल्ह्यात पुरावाही मिळाला आहे. तिथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम राबवला गेला. त्याआधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक उपचार घेत होते. दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्के झाले. 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

इतके महत्त्वाचे काम जिच्या भरवशावर चालते, तिला स्वतःला झोप लागते का, हे मात्र कुठल्याच रजिस्टरमध्ये नोंदवले जात नाही.

कामाचा ताण म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काचेच्या इमारती येतात. २०२४ मध्ये पुण्यात एका मोठ्या सल्लागार कंपनीत काम करणाऱ्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. तिच्या आईने कंपनीला लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले आणि कामाच्या तासांवर मोठी चर्चा झाली. ती चर्चा गरजेची होती. पण ताणाचे शास्त्र गेली पन्नास वर्षे जे सांगत आले आहे, ते ऐकले तर नजर दुसरीकडेही वळवावी लागते.

या शास्त्राची एक मोठी पायरी लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत घातली गेली. १९६७ मध्ये 'व्हाइटहॉल' अभ्यास सुरू झाला. त्यात सुमारे १८ हजार पुरुष सरकारी नोकरांच्या प्रकृतीची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. सगळ्यांना वाटत होते की जबाबदारीच्या ओझ्याने साहेब लोकांचे हृदय आधी थकत असेल. निघाले उलटेच. हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा निरोपे, द्वारपाल अशा सर्वांत खालच्या नोकरांत तिपटीहून अधिक होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब धरूनही त्यातला बराचसा फरक उरतच होता. १९८५ पासून झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात स्त्रियाही होत्या. त्यात उत्तराचा एक महत्त्वाचा भाग सापडला. काम कसे आणि कधी करायचे हे ठरवण्याची मुभा ज्यांना कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त.

अमेरिकेतील रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये हीच गोष्ट सूत्रात मांडली होती. कामाची मागणी भरपूर आणि हातात अधिकार थोडा, ही जोडी घातक. निव्वळ भरपूर काम माणसाला तितके खात नाही. सर्जन दिवसभर राबतो, पण सुरी त्याच्या हातात असते. जर्मनीतील योहानेस सिग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये यात भर घातली. माणूस जितका जीव ओततो, त्याच्या मानाने पैसा, मान आणि नोकरीची शाश्वती मिळाली नाही, तरी शरीर त्याची किंमत मोजते. युरोपातल्या जवळपास दोन लाख लोकांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या प्रकारच्या ताणात काम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका २३ टक्क्यांनी अधिक आढळला. दुसऱ्या प्रकारासाठी, म्हणजे श्रम आणि मोबदला यांचा मेळ नसल्यास, २०१७ च्या अशाच अभ्यासात तो १६ टक्क्यांनी अधिक निघाला.

आता ही दोन्ही सूत्रे घेऊन देवळी, आर्वी किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या एखाद्या गावात या.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा ठरली. तिला नोकर म्हटले नाही, स्वयंसेविका म्हटले. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तिचे काम दिवसाला दोन-तीन तास, आठवड्याला साधारण चार दिवस, असे धरले आहे. तिच्या मूळ पोटापाण्याच्या धंद्याला धक्का लागू नये, हा हेतू. कागदावरचा हा हिशेब आणि गावातला दिवस यांची गाठ पडत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत किंवा सोयाबीनच्या काढणीला माणसे सकाळीच शेतात जातात. त्यामुळे घरभेटी उन्हे वर येण्याआधी, नाहीतर दिवेलागणीला. मधल्या वेळात उपकेंद्रावर बैठक, लसीकरणाचा दिवस, क्षयरोग्याच्या गोळ्या, तिशीपुढच्यांची मधुमेह-रक्तदाबासाठी नोंद. रात्री स्वयंपाक आटोपल्यावर मोबाइलमध्ये माहिती भरणे, कारण तेव्हाच नेटवर्क आणि सवड दोन्ही असतात. आणि पहाटे दोनला कुणाच्या कळा सुरू झाल्या तर रुग्णवाहिकेत सोबत जायचे. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. सर्वेक्षण त्याही दिवसांत निघते.

मोबदल्याचे एक उदाहरण पुरे आहे. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाळाला आशा ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाऊन तपासते. वजन, ताप, अंगावर पिण्याची ताकद, सगळे पाहते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची जी पद्धत सिद्ध केली, तिचाच हा देशभर पसरलेला अवतार. विदर्भाने जगाला दिलेल्या मोठ्या गोष्टींत तिची गणना व्हावी. या सहा भेटींचा मोबदला २५० रुपये. एका भेटीला ४२ रुपयेही पडत नाहीत.

या कामाचा गौरव झालाच नाही असे नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. पण त्याच्या आदल्या वर्षी, कोरोनाची दुसरी लाट ओसरत असताना, जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या पुन्हा संपावर गेल्या. सात हजार रुपये वाढीचे आश्वासन मिळाले, आदेश निघेना, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये तिसऱ्यांदा. मार्चमध्ये पाच हजारांची वाढ मंजूर झाली. रक्कम लहान नाही. पण ताणाच्या दृष्टीने पाहायचे तर आकड्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो भरवशाचा. पैसे किती येतील आणि कधी येतील हे ठाऊक नसणे, उद्या कुठले नवे काम सांगितले जाईल हे ठाऊक नसणे, हीच ती अधिकार नसण्याची अवस्था, जी व्हाइटहॉलच्या निरोप्यांत दिसली होती. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केली. ती अजून शिफारसच आहे.

शरीरात नेमके काय होते? अंगावर साप आला तर हृदय धडधडते, स्नायू ताणले जातात, रक्तातली साखर वाढते. अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके हे घडवतात आणि जीव वाचवतात. साप गेला की सगळे जागेवर येते. पण काम संपतच नसेल, फोन कधीही वाजेल अशी धास्ती कायम असेल, तर ही यंत्रणा बंदच होत नाही. रक्तदाब चढा राहू लागतो, झोप तुटते, साखरेचे नियंत्रण बिघडते, पोटाभोवती चरबी साठते. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी तेच काम जड जाते आणि ताण आणखी वाढतो.

आपल्याकडे ही तक्रार सहसा मनाची म्हणून पुढे येत नाही. दवाखान्यात बाई सांगते ती डोके ठणकते, पित्त होते, कंबर भरून येते, पाळी वेळेवर येत नाही, जीव घाबराघुबरा होतो. डॉक्टर पित्ताची गोळी देतात आणि ती घरी परतते. 'टेन्शन' हा शब्द आता प्रत्येक घरात आहे, पण तो आजाराचे कारण म्हणून डॉक्टरांसमोर क्वचितच उच्चारला जातो. त्यात बाईवर घरचे काम वेगळेच. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकामात गुंतलेल्या स्त्रिया त्यावर रोज सरासरी २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८. आशेचा विसावा या फरकातच हरवतो.

हे चित्र फक्त आशांचे नाही. एसटीचा चालक, बँकेच्या ग्रामीण शाखेतला एकटा कारकून, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती यांत अडकलेला जिल्हा परिषदेचा शिक्षक, सगळ्यांकडे मागणी आणि अधिकार यांची तीच विषम जोडी आहे. सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयांमुळे वर्धेकरांना निवासी डॉक्टर हा वर्गही परिचयाचा आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने निवासी डॉक्टरांना आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास काम असावे असे सुचवले. सुधारणा म्हणून सुचवलेली मर्यादाच इतकी आहे, यावरून आजच्या स्थितीचा अंदाज यावा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतली कामाची दैनंदिन मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. कामगाराच्या लेखी संमतीची अट त्यात आहे. हिंगणघाटच्या गिरणीत किंवा देवळीच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार ती संमती नाकारू शकेल का, हे ज्याने त्याने ओळखावे.

आणखी एक उणीव. कायद्याच्या परिशिष्टात जे आजार झाल्यास सरकारला कळवावे लागतात, त्यांची यादी आहे. शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे. ताणातून येणारा मनाचा आजार त्यात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची, म्हणजे कामाने पुरते करपून जाण्याची, व्याख्या केली: शक्ती संपणे, कामाबद्दल मनात अढी बसणे, कामाची धार जाणे. पण त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटले. यात एक शहाणपण आहे. दोष माणसात नसून कामाच्या रचनेत असू शकतो, हे त्यातून मान्य होते.

म्हणूनच कार्यालयांत भरणाऱ्या तणावमुक्ती शिबिरांकडे जरा सावधपणे पाहायला हवे. ब्रिटनमधल्या ४६ हजारांवर कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आधारलेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ध्यानवर्ग, मनोबल वाढवण्याचे प्रशिक्षण आणि अॅप यांत भाग घेणारे इतरांपेक्षा बरे असल्याचे दिसले नाही. प्राणायामाने रात्री झोप लागत असेल तर तो जरूर करावा. पण थकलेले मानधन प्राणायामाने जमा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही आधी कामाच्या रचनेकडे बोट दाखवतात. आशांच्या बाबतीत त्याचा अर्थ अगदी रोकडा आहे: ठरलेल्या तारखेला पैसे, एकच माहिती चार ठिकाणी न भरणे, सर्वेक्षण उन्हाच्या वेळेबाहेर, रात्री बाळंतिणीसोबत रुग्णालयात थांबावे लागले तर आडवे व्हायला जागा आणि दुसऱ्या दिवशी सुटी. वरिष्ठांच्या बोलण्याची रीत हाही यातलाच भाग. आढावा बैठकीत सगळ्यांदेखत झालेला पाणउतारा माणूस घरापर्यंत घेऊन जातो.

ही रचना बदलेपर्यंत स्वतःपुरते काही करता येते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, चिडचिड आवरत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट शब्दांत सांगावे. फक्त डोकेदुखी सांगून परतू नये. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतून आणि विनाशुल्क बोलता येते. आणि तिशीपुढच्या गावकऱ्यांना रक्तदाब-साखरेच्या तपासणीसाठी उपकेंद्रावर नेणारी आशाही बहुधा तिशीपुढचीच असते. त्याच दिवशी, त्याच खुर्चीवर बसून तिचाही रक्तदाब मोजून घ्यायला पाच मिनिटे लागतात.